दुसरं आवतण

चंद्रावती आत्यानं उभं आयुष्य लोकांच्या पोरांची लग्नं लावण्यात घालवलं, आणि स्वतःच्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "मी गानार नाय."

प्रविणनं मला हे फोनवर सांगितलं. तो थायलंडातल्या एका बेटावर, मी रोह्यात. कंपनीतली शिफ्ट संपवून मी नुकताच घरात पाय ठेवला होता. "नमे, तू ये," तो म्हणाला, "तुझं ऐकेल ती." आत्यानं जन्मात कुणाचं ऐकलंय ते माझं ऐकणार होती, पण पोराचा आवाज असा पडलेला होता की मी हो म्हणून बसले.

आत्या धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी बाई, असं कुणी म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. गाणारणी पुष्कळ असतात. धवलारीण लग्न लावते. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत सगळं तिच्या धवल्यावर, लग्नविधीच्या गाण्यावर, चालायचं. ती म्हणेल तेव्हा हळद लागायची, ती थांबली की सगळे थांबायचे. पेणच्या खाडीकाठच्या कितीतरी गावांत आत्याशिवाय मांडव पडत नसे. नऊवारी नेसून, हातात सूप घेऊन ती यायची तेव्हा नवऱ्याच्या बापालासुद्धा सदरा सावरून उभं राहावं लागायचं.

तिला हे सगळं मैना म्हातारीनं शिकवलं. मैना म्हातारी मी पाहिलेली नाही, पण तिचा एक नियम मला माझ्या नावासारखा पाठ आहे. धवल्यात सगळ्या देवांना लग्नाचं आवतण जातं. पहिलं आवतण मांडव ज्या भुईत रोवलाय त्या भुईच्या धन्याला. दुसरं आवतण, गाणारणीची चूल जिथं पेटते त्या भुईला. मग बाकीचे देव, आपापल्या मानानं. "कुनाच्या दारात गेलीस तर काय करशील?" आत्या मला लहानपणी विचारायची, "आधी घरधन्याला हाक मारशील. मंग आपून कुठली ते सांगशील. देवाशी पन तसाच वागायचा." म्हटलं तर साधी गोष्ट, पाहुण्याची रीत.

धवला एकटीला म्हणता येत नाही. एक पुढची, एक मागची. पुढची ओळ सोडते, मागची तीच ओळ उचलते. मी आत्याची मागची. परकर नेसायचे तेव्हापासून तिच्या डाव्या बाजूला बसत आले. मागचीला एकच गोष्ट सांगितलेली असते, की पुढचीनं दिलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. ती बरोबर की चूक, हे मागचीनं बघायचं नसतं.

आत्याचा हट्ट काय चीज होती ते एकदा खांब गावात पाहिलं. हायवेच्या कडेला नव्यानं पाडलेल्या प्लॉटवर मांडव होता. आत्या पाटावर बसली आणि म्हणाली, "हिथला धनी कोन?" नवऱ्याचा मामा म्हणाला, बिल्डरचं नाव अमुक. आत्या म्हणाली, "मानूस नाय इचारला." कुणाला काही सांगता येईना. तिकडे डीजेवाला घड्याळ बघतोय, जेवणावळीची पानं मांडलीत, आणि ही ढिम्म. मामा लालबुंद झाला. अखेर गावातला एक म्हातारा रिक्षात घालून आणला. त्यानं सांगितलं, इथं एक करंजाचं झाड होतं, त्याखाली चेड्याची, म्हणजे त्या भुईच्या राखणदाराची, जागा होती. आत्यानं मान डोलवली आणि पहिली ओळ सोडली. परत येताना मी तिला म्हणाले, "आत्ये, पुढच्या वेळी आपल्याला कुणी बोलावणार नाही." ती म्हणाली, "नको बोलवू दे."

आणि खरंच बोलावणं कमी होत गेलं. तिच्या हट्टामुळे नाही, काळच तसा आला. धवला आता व्हिडिओवाल्यासाठी उरला. नवरी मेकअपला बसलेली असायची आणि आत्यानं पाच मिनिटांत हळद उरकायची. एकदोन ठिकाणी तिला माईक दिला. माईक हातात धरून ती माझ्याकडे असं बघत राहिली की मला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं.

तेवढ्यात आमच्या बांधाला खांड पडली.

आमचं गाव मोठीखार. जिते गावाच्या पलीकडे, पार खाडीला टेकलेलं. समुद्राचं पाणी बांधानं अडवायचं आणि आतल्या खारजमिनीत भात काढायचा, हे आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. एका उधाणात बांध फुटला. फुटलेली खांड वेळेवर भरली तर भरते. आमची भरली नाही. कुणी कुणाकडे बोट दाखवलं ते सांगत बसले तर ही गोष्ट माझ्या संतापाचीच होईल. पाणी शेतात आलं, मग वाटेवर, मग अंगणात. माणसं एकेक करून पेणला, वडखळला, जित्याला निघून गेली. माझे काका दत्तात्रेय, म्हणजे आत्याचे यजमान, मिठागरावर राबून आधीच गेले होते. प्रविण बेटावर स्वयंपाकी. आत्या एकटी त्या घरात राहिली. उधाण आलं की खाटेवर पाय घेऊन बसायची, ओहोटी लागली की घर पुसायची. मग एका पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत चुलीवर आली. मैना म्हातारीच्या हातची चूल होती ती. चिखलाचा ढीग झाला आणि दुसऱ्या उधाणात तोही गेला.

आत्या माझ्याकडे रोह्याला आली. कुंडलिकेच्या काठाला आमचं दोन खोल्यांचं घर. नवऱ्यानं, निलेशनं, तिला काही कमी पडू दिलं नाही. पण ती पाहुणीसारखीच राहिली. गॅसजवळ जायची तर मला विचारून जायची. त्या दिवसांत आम्ही दोघींनी एकदोन लग्नं केली, तेव्हा दुसऱ्या आवतणाला ती मोठीखारचंच नाव घ्यायची. मी म्हणाले, "आत्ये, तुझी चूल आता रोह्याला आहे."

"तुझी चूल ती तुझी," ती म्हणाली. "मी तिथं जेवते."

लागलं मला ते. अजून लागतं.

मग प्रविण तिला घेऊन गेला. निरोपाला आमच्याकडे मोठीखारचे दाजी आले होते, गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांनी प्रविणला विचारलं, उतरायचं कुठं. तो म्हणाला, बँकॉकहून पुढे सुरतठाणी, तिथून बोटीनं बेटावर. दाजींचा चेहरा खुलला. "सुरत पन हाय न ठाना पन हाय," ते म्हणाले, "मंग काय लांब नाय गो चंद्रे." सगळे हसले. आत्या हसली नाही. तिच्या पिशवीत लाल फडक्यात घराण्याचे देव होते, चांदीचे चार टाक. मोठीखारचं घर सोडल्यापासून ते त्या फडक्यातच होते. माझ्या देव्हाऱ्यात ठेव म्हटलं तर तिनं ठेवले नव्हते.

सुरुवातीला तिचे फोन ऐकून मला वाटलं, बरं चाललंय. बेट नारळांनी भरलेलं. बांगडा तर तिथला रोजचाच मासा. आपल्या जवळ्यासारख्याच बारीक कोलंबीचा ते लोक खारवून लगदा करतात, त्याचा वास घेऊन म्हणे तिला बाजारातच भूक लागली. प्रविणचं धक्क्याजवळ छोटं खानावळवजा हॉटेल होतं. जागा होती सोमजित नावाच्या बाईची. तिची नारळाची वाडी, वाडीच्या तोंडाशी घर, आणि रस्त्याला लागून प्रविणचं हॉटेल. प्रविण आणि आत्या हॉटेलच्या वरच्या खोलीत राहायचे. सोमजितला नवरा नव्हता, मुलगी होती, दाव नावाची. दाव आणि प्रविणचं जमलंय हे आत्याला तिथं गेल्यावर कळलं. तिनं काय केलं? दोन दिवस दावकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला भाकरी थापायला शिकवायला बसली. म्हणजे होकार.

आणि मग आत्याकडून ती चूक झाली. आमच्या आत्याकडूनच व्हावी अशी चूक.

सोमजितच्या वाडीत, दारासमोर, एका खांबावर लहानसं घर आहे. तिथं घरोघर असतं तसं. निमुळतं छप्पर, पुढे हातभर ओटा. आत मातीचे एक म्हातारा-म्हातारी बसलेले, आजूबाजूला लाकडाचे हत्ती, घोडे. पुढे वाळलेले हार, पाण्याचा पेला, आणि लाल सरबताची उघडलेली बाटली, तिला नळी लावलेली. आत्यानं ते रोज वरच्या खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं, देऊळ बांधलंय पण देव बसवलेला नाही. पोरांनी आत भातुकली मांडून ठेवलीय. आणि तिचे देव तर कधीपासून फडक्यात.

एका सोमवारी सोमजित बाजारात गेली असताना आत्या अंघोळ करून खाली उतरली. तिनं ते घर धुतलं. वाळलेले हार टाकले, सरबत ओतून दिलं. हत्ती-घोडे नीट पुसून खाली जमिनीवर मांडले. म्हातारा-म्हातारी पायरीवर ठेवले. आत चारही टाक बसवले, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. किती दिवसांनी देवांना घर मिळालं म्हणून तिथंच उभी राहून रडली.

सोमजित आली ती फाटकाशीच थबकली. ओरडली नाही. त्या लोकांत तसं कुणी ओरडत नाही. पायरीवरचे म्हातारा-म्हातारी तिनं उचलून पदराशी धरल्यासारखे छातीशी धरले आणि घरात निघून गेली. दार लावून घेतलं. आत्याला वाटलं, विचारलं नाही म्हणून राग आला असेल. संध्याकाळी दाव रडत प्रविणकडे आली, आणि प्रविणनं आईला सांगितलं. ते देऊळ नव्हतं. ते त्या जमिनीच्या धन्याचं घर होतं. माणसांनी जमिनीवर घर बांधलं, तर तिथं आधीपासून राहणाऱ्याला वेगळं घर द्यायचं, रोज विचारायचं, पाणी द्यायचं, ही त्यांची रीत. ते म्हातारा-म्हातारी म्हणजेच तो धनी.

प्रविण म्हणतो, आईचा चेहरा त्यानं बापाच्या मरणातसुद्धा तसा पाहिला नव्हता. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आत्या आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आली. बाईनं खांबच्या लग्नात नवरदेवाच्या मामाला ताटकळत ठेवलं होतं, भुईचा धनी कळल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणून. आणि तिनंच धन्याला त्याच्या घरातून उचलून पायरीवर बसवलं, आत आपले देव घातले. दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. तिला स्वतःला ते सोडता येईना.

तिनं टाक परत फडक्यात बांधले. सोमजितनं म्हातारा-म्हातारी जागेवर बसवले, नवे हार घातले, पण आत्याकडे बघणं सोडलं. लग्नाची तारीख ठरलेली होती. दाव आईला सोडून लग्न करणार नाही, आणि प्रविण आईच्या धवल्याशिवाय करणार नाही. आत्याचं म्हणणं एकच. मांडव पडणार त्याच भुईत. पहिलं आवतण जाणार त्याच धन्याला. "ज्याला घराभाईर काढला त्याला कंच्या तोंडानं बोलवू लग्नाला?" आणि धवला अर्ध्यातून सुरू होत नाही. पहिलं आवतण नाही तर काहीच नाही. मी गेले ती अशा वेळी.

बोटीतून उतरले तेव्हा आत्या धक्क्यावर उभी होती. बारीक झाली होती. मला वाटलं होतं, ही बॅग भरून बसली असेल आणि मला म्हणेल, मला घरी ने. तसंच झालं. खोलीत गेल्यावर खाटेखाली बॅग भरलेलीच दिसली.

"कुठं जाणार आत्ये?" मी विचारलं. मला राग आलेला होता, प्रवासाचा शीणही होता. "मोठीखारला भिंत नाही, दार नाही. माझ्याकडे तू जेवतेस. मग जाणार कुठं?"

ती म्हणाली, "त्याच्यासाठीच नमे. मी बिनभुईची झाले, म्हनून मना दुसऱ्याची भुई दिसली नाय."

मी तिच्या पायाशी बसले आणि लहानपणी ठेवायचे तसं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. प्रविण दारात येऊन बघून गेला.

सकाळी मी तिला एकच गोष्ट विचारली. "आपल्याकडे कुणी देवाचा अपराध केला तर तो काय करतो? बॅग भरतो का?"

"गाऱ्हानं घालतो," ती म्हणाली.

"मग घाल."

"त्याला माझी बोली कुठं कलते?"

"मोठीखारच्या गावदेवीला मी इंग्रजीत प्रार्थना केली तर तिला नाही का कळणार?" हे मी तोऱ्यात म्हणाले, पण मनातून मलाही शंका होतीच.

आम्ही खाली उतरलो. प्रविणला सोमजितकडे पाठवलं, एवढंच विचारायला, की आई तुमच्या धन्यापुढे उभी राहिली तर चालेल का. सोमजित बाहेर आली. साठीची असेल, सडपातळ, पांढरे केस मागे बांधलेले. तिनं घरात जाऊन तीन उदबत्त्या पेटवून आणल्या आणि आत्याच्या हातात दिल्या. पहिल्यांदाच दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या होत्या.

आत्यानं चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा भुईच्या धन्या, हे आये भुईच्या धनीनी. मी मोठीखारची चंद्रावती, दत्तात्रेयाची बायको. तुमचं नाव मना म्हाईत नाय. मी न इचारता तुमच्या घरात शिरले, तुमाला भाईर बसवला. माझी भुई पान्यात गेली, तवा माझी मती पन गेली. पोर माझा हिथंच ऱ्हानार हाय. त्याच्यावर राग धरू नका. मना हिथं उभी ऱ्हायला जागा द्याल तर पाय टेकीन, नाय द्याल तर जाईन. पन लग्नाला तुमीच पयले. व्हय म्हना."

मग तिनं झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्या लहान घराच्या खांबाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. आमच्याकडचा कौल. उजवी आधी पडली तर होकार. प्रविणनं सोमजितला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, तिच्याही देवळात काड्या हलवून असंच विचारतात म्हणाली.

पाकळ्या पडेनात. ऊन वर आलं. उदबत्त्या संपल्या. हॉटेलवर आलेली माणसं परत गेली. आत्या हात जोडून तशीच. मग सोमजित पुढे आली आणि आत्याच्या शेजारी उभी राहिली, तिनंही हात जोडले आणि तिच्या भाषेत हळूहळू काही बोलायला लागली. मी प्रविणला विचारलं. त्यानं सांगितलं, ती धन्याला म्हणत होती, आजोबा, आजी, ही बाई वाईट नाही. हिच्या देवांना ऊन लागत होतं.

उजवी पाकळी पडली. वारा समुद्राचा होता, कुठली तरी पडणारच होती. पण आत्या मटकन खाली बसली आणि सोमजितनं तिला धरलं, ते काही वाऱ्यानं केलं नाही.

"त्यांना नाव काय?" आत्यानं विचारलं. सोमजितनं म्हाताऱ्याकडे बोट केलं, "ता." म्हातारीकडे केलं, "याय." म्हणजे आजोबा आणि आजी, आईकडचे. तिथं सगळे तेवढंच म्हणतात. आत्यानं ते दोनतीनदा म्हणून पाहिलं, ओळीत बसतं का ते बघावं तसं.

लग्न झालं. सकाळी त्यांच्या रीतीनं, नवरानवरीच्या जोडलेल्या हातांवर शंखातून पाणी घालून. दुपारी आमच्या रीतीनं. नारळीच्या वाडीत मांडव, उंबराची फांदी सोमजितच्या भावानं कुठूनशी आणली. आत्या पाटावर बसली, मी तिच्या डावीकडे.

पयलं आवतान कुनाला गो,
भुईच्या धन्याला,
ता म्हाताऱ्याला गो, याय म्हातारीला...

मी ओळ उचलली. सोमजितला भाषा कळत नव्हती, पण ती दोन नावं कळली. तिनं तिथल्या तिथं हात जोडले. मग दुसरं. आत्या म्हणाली,

दुसरं आवतान कुनाला गो,
मोठीखारच्या आयला,
पान्यात बसलीस गो, तरी चालत ये...

मी उचलली ती ओळ, पण कशी उचलली ते माझं मला ठाऊक. परदेशात, नारळीखाली, कुणी न पाहिलेल्या एका बुडालेल्या गावाचं नाव मोठ्यानं घेतलं जात होतं.

मी परत आले. आत्या राहिली. फोनवर बारीकसारीक कळायचं. रोज सकाळी त्या लहान घराला पाणी आता आत्याच द्यायची. प्रविणला मुलगी झाली, तिचं नाव मैना ठेवलं. सोमजित भाकरीबरोबर तो कोलंबीचा लगदा खायला शिकली, आणि आत्या तिच्या भाषेतले पाचपंचवीस शब्द. बाकी दोघी आपापल्या भाषेत बोलतात म्हणे आणि भांडतातसुद्धा. एकदा आत्या म्हणाली, "नमे, वाडीच्या मागं मी चूल घातलीय. मातीची. सोमजितनं जागा दाखवली, आमी दोघींनी ता-यायला इचारला, मंग घातली." मी म्हणाले, बरं झालं, भाकरीला बरी. आणि त्याचं पुढे काही मनात राहिलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं, किमयाचं लग्न झालं, रोह्यातच, नदीकाठच्या हॉलमध्ये. आत्या आली, प्रविण तिला घेऊन आला. मी डीजे ठेवला नव्हता. लग्न धवल्यावर लागणार हे कळल्यावर मोठीखारची माणसं आली. पेणहून, वडखळहून, जित्याहून, कुणी पनवेलहून. दाजी काठी टेकत आले. गाव उठल्यापासून इतकी माणसं एका जागी आली नव्हती. म्हाताऱ्या बायका पुढच्या रांगेत पदर घेऊन बसल्या. त्या कशासाठी आल्या होत्या ते मला ठाऊक होतं. मोठीखारचं नाव आता सातबाऱ्याबाहेर फक्त धवल्यात उरलंय. एकदा कानावर पडावं म्हणून आल्या होत्या.

आत्या पाटावर बसली. आवाज थकलाय, पण धार तीच. पहिलं आवतण रोह्याच्या धन्याला, धावीर महाराजांना. मी उचललं. बायकांनी पदर सारखे केले. दाजींनी काठी मांडीवर घेतली.

दुसरं आवतान कुनाला गो,
चुलीच्या भुईला,
नारलीच्या बेटाला गो, ता न यायला...

मागचीनं ओळ लगेच उचलायची असते. माझा आवाजच निघेना. पुढच्या रांगेत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. दाजी आत्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकली, वयानं चुकली, मी मोठीखार घालून टाकते, कुणाला कळणार आहे. आत्यानं मान वळवली नाही. सूप हातात धरून ती वाट बघत राहिली. आणि मला ती मागच्या वाडीतली मातीची चूल आठवली.

ती चुकली नव्हती. रोह्यात माझ्याकडे ती नुसती जेवत होती, तेव्हा तिची चूल मोठीखारच्या पाण्यात होती आणि तिनं तसंच म्हटलं. आता तिची चूल पेटते, तर तिनं मांडवात खोटं का बोलावं? पुढे कधीतरी मला पुढची व्हावं लागेल, तेव्हा माझं दुसरं आवतण रोह्याला जाईल, कारण माझी चूल इथं आहे. म्हणजे मोठीखारला दुसरं आवतण देणारं आता कुणी राहिलं नाही. हे सगळं मला तिथं, लेकीच्या हळदीला, सगळ्यांसमोर कळलं. मला त्या बेटाचा, त्या म्हाताऱ्या-म्हातारीचा राग आला. आत्याला तिथं सुख लागलं याचाही आला.

मग मी ओळ उचलली. नारलीच्या बेटाला गो, ता न यायला.

आत्यानं श्वास घेतला आणि तिसरं आवतण सोडलं, मोठीखारच्या आईला. पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. आमची गावदेवी लग्नाला आली, पण ती आता पाहुण्यांत बसली.